बाहेर न्यायचं की बाहेरून आणायचं? एका मुलीच्या कॅन्सरसाठी पैसे उभे करतानाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मित्राच्या घरातलं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. नावं घातलेली नाहीत आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मुलीला इथे चिमणी म्हणतो. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, त्यामुळे हिशोबाची वही सुरुवातीपासून माझ्याकडे होती, म्हणून लिहिलंय तेही जास्त करून पैशांच्या आणि निर्णयांच्या बाजूनं. डॉक्टरी बाजू आम्हाला जेवढी समजावून सांगितली तेवढीच मला माहीत.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं कुटुंब. वडील एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका, घरात आज्जी, आणि एक चुलता पुण्यात आयटीत. २०२२ च्या दिवाळीनंतर चार वर्षांच्या चिमणीचे पाय दुखायला लागले. सगळे म्हणाले वाढीचं दुखणं आहे, आज्जी रोज रात्री तेल लावून पाय चोळायची. मग ताप यायला लागला, जायचा, परत यायचा. मग डोळ्यांभोवती काळं पडलं, म्हणजे कुणी मारल्यावर पडतं तसं, आणि शेजारची एक बाई वहिनींना, म्हणजे चिमणीच्या आईला, हळूच विचारून गेली की पोरगी कुठं पडली का. वहिनी ते अजून विसरलेल्या नाहीत.

डिसेंबरात गावातल्या बालरोगतज्ञांनी सोनोग्राफी करायला लावली, मूत्रपिंडाच्या वर गाठ दिसली आणि त्यांनी वेळ न घालवता मुंबईला चिठ्ठी दिली. हे त्या डॉक्टरांचे उपकार आहेत, बऱ्याच पोरांचे ह्यातच दोन-तीन महिने जातात. मुंबईत बायोप्सी, बोन मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, आणि हा आजार अंगात कुठं कुठं आहे ते दाखवणारं एमआयबीजी स्कॅन झालं. निदान आलं न्यूरोब्लास्टोमा, हाडांत आणि मॅरोमध्ये पसरलेला, हाय रिस्क. हा लहान मुलांचाच कॅन्सर, बऱ्याचदा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून सुरू होतो, आणि मोठ्यांमध्ये जवळजवळ दिसतच नाही, म्हणून नावही कुणी ऐकलेलं नसतं.

उपचारांचा क्रम ठरलेला होता. आधी केमो, मग ऑपरेशन, मग मोठ्या डोसची केमो देऊन स्वतःच्याच स्टेम सेल (नवं रक्त बनवणाऱ्या पेशी) परत देणं, मग रेडिएशन, आणि शेवटी इम्युनोथेरपी. रेडिएशनपर्यंतचा खर्च जन आरोग्य योजना, हॉस्पिटलची मदत आणि घरचे पैसे ह्यात कसाबसा बसला. १० ऑगस्ट २०२३ ला ट्रान्सप्लांट, म्हणजे त्या स्टेम सेल परत देणं, झालं. अडलं ते शेवटच्या पायरीवर.

अडचण

ह्या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर जीडी२ नावाचा एक पदार्थ असतो, त्याला धरून हल्ला करणारं औषध म्हणजे ही इम्युनोथेरपी. डॉक्टरांनी वडिलांना एका अमेरिकन अभ्यासाचे आकडे सांगितले होते, २०१० साली छापून आलेल्या. ट्रान्सप्लांटनंतर अशी इम्युनोथेरपी मिळालेल्या मुलांपैकी दोन वर्षांनी आजार न उलटता ६६ टक्के होती, न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के. वीस टक्क्यांचा फरक. वडील मला फोनवर म्हणाले, "शंभरात वीस पोरं, दादा. त्यातली एक आपली असली तर?"

आणि हे ट्रान्सप्लांटनंतर साधारण १०० दिवसांच्या आत सुरू झालेलं बरं, असंही सांगितलं. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. हातात तीन महिने.

इथेच पहिली गडबड झाली. "हे औषध भारतात बनत नाही" एवढं वाक्य घरी पोचलं आणि घरानं त्याचा अर्थ लावला की उपचार भारतात होत नाही. ही दोन वाक्यं एक नाहीत, पण रात्री अकरा वाजता वॉर्डाच्या बाहेर उभं राहून ऐकलेल्या माणसाला तो फरक कळत नाही, मलाही नाही कळला. चुलत्यानं इंटरनेटवर शोधलं, बार्सिलोनात ह्याच आजारासाठी जगभरातून मुलं येतात हे दिसलं, रिपोर्ट पाठवले, तिकडून अंदाजपत्रक आलं. २ लाख ९५ हजार युरो, म्हणजे साधारण २ कोटी ६० लाख रुपये. वर तिघांचा सहा-सात महिने राहायचा खर्च, विमान, व्हिसा, हाताशी थोडे, असं धरून आकडा काढला ३ कोटी ४० लाख. २० ऑगस्टला पोस्टर बनलं. "चिमणीला स्पेनला पाठवूया".

पहिले पंधरा दिवस

पोस्टरवर वडिलांचा यूपीआय क्यूआर होता. आमच्याकडं माणूस वाईट नाही, पैसे धो-धो यायला लागले, ५१ रुपये, १०१, ५००, शाळेतल्या पोरांनी खाऊचे डबे फोडून आणलेले. नऊ दिवसांत ६ लाख ८० हजार. दहाव्या दिवशी बँकेनं खातं होल्डवर टाकलं, अचानक एवढ्या छोट्या छोट्या रकमा अनोळखी लोकांकडून आल्या म्हणून. सहा दिवस कागद दाखवत फिरलो.

त्याच आठवड्यात ओळखीच्या सीएंनी दुसरी गोष्ट सांगितली जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षात एकूण ५० हजारांच्या वर पैसे स्वतःच्या खात्यात आले की ते उत्पन्न धरलं जातं, देणाऱ्यानं दयेनं दिलेत म्हणून सूट नाही. म्हणजे पोरीच्या औषधासाठी आलेल्या पैशांवर बापाला कर. पुढच्या जुलैत रिटर्न भरताना तो भरावा लागला, पगारातून भरला.

क्यूआर काढून टाकला आणि दोन रस्ते ठेवले. एक, क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्म, जिथून पैसे थेट हॉस्पिटलला जातात. दोन, आमच्या भागातला एक जुना रजिस्टर्ड धर्मादाय ट्रस्ट, ज्यांच्याकडं आयकराच्या १२ए आणि ८०जी ह्या दोन्ही नोंदण्या होत्या (८०जी मुळे देणगीदाराला करात सूट मिळू शकते), ते पावती देणार आणि बिलं स्वतः भरणार. ह्यानं मोठे देणगीदार वाढले, कारण कारखानदाराला पावती लागतेच.

प्लॅटफॉर्मवरून रोज एक मुलगा फोन करायचा की तुमचं कॅम्पेन आम्ही जाहिरातीत चालवतो, जमलेल्या पैशातून ठरावीक टक्के द्या, आणि रडणारा व्हिडिओ पाठवा, नळ्या दिसल्या पाहिजेत. वहिनींनी नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, ती मोठी झाल्यावर स्वतःचं नाव शोधेल तेव्हा तिला हे दिसू नये. शेवटी फोटो गेला तो टोपी घातलेला, पाठमोरा, खिडकीत बसलेली चिमणी. चुलत्याचं म्हणणं होतं की ह्यानं पैसे कमी येतील. आले असतीलही. मला वहिनींचं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतंय.

गणपतीत खरी गंमत कळली माणसांची. १९ सप्टेंबरला गणपती बसले, आमच्याकडच्या चार तालीम मंडळांनी त्या वर्षी डॉल्बी रद्द केली आणि तेवढे पैसे ट्रस्टला दिले. एका मंडळाच्या पोरांनी तर पावती पण नको म्हटलं, मी बळजबरीनं फाडून दिली. पण अनंत चतुर्दशीला मी वही जुळवली तेव्हा सगळं मिळून, म्हणजे घरचे पैसे धरून, ४६ लाखांच्या आसपास होतं. ३ कोटी ४० लाखांपुढं ४६. आणि शंभरातले पन्नास दिवस संपले होते.

निर्णयाची जागा

त्या रात्री मी वही घेऊन बसलो होतो आणि मला जुलैमधली एक बातमी आठवली. ११ जुलै २०२३ ला जीएसटी कौन्सिलची ५० वी बैठक झाली होती, पेपरात मोठी बातमी होती ऑनलाइन गेमिंगवर २८ टक्के आणि थिएटरातल्या खाण्यावर ५ टक्के, आणि तळाला एक ओळ होती की डिन्युटुक्सिमॅब नावाचं कॅन्सरचं औषध कुणी स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवलं तर त्याच्यावरचा १२ टक्के जीएसटी माफ. ह्या औषधाची किंमत ३६ लाखांच्या घरात आहे आणि पेशंट बहुतेक लोकवर्गणीतूनच पैसे जमवतात, हे त्या शिफारशीतच म्हटलेलं. पेपर पतसंस्थेतल्या रद्दीत सापडला. नाव चिमणीच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेल्या नावाशी जुळत होतं.

अडीच महिने हा पेपर माझ्या खुर्चीच्या मागं पडलेला होता. हे मला लिहिताना पण जड जातंय.

दुसऱ्या दिवशी वडील आणि मी मुंबईला गेलो आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, पोरगीला बाहेर न्यायचं आहे की औषध बाहेरून आणायचं आहे? डॉक्टर दोन मिनिटं आमच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "मी तर पहिल्यापासून औषध आणण्याबद्दलच बोलतोय."

मग त्यांनी शांतपणे सगळं मांडलं. पर्याय तीन होते.

बार्सिलोना. तिकडून सुचवलेलं औषध नॅक्सिटॅमॅब, जीडी२ वरच काम करणारं, पण अमेरिकेत २०२० च्या नोव्हेंबरात त्याला मान्यता मिळाली ती हाडांत किंवा मॅरोमध्ये आजार उलटलेल्या किंवा न हटलेल्या मुलांसाठी. चिमणीचं ट्रान्सप्लांटनंतरचं स्कॅन साफ होतं. तिला उद्या गरज पडली तर तो रस्ता आहेच, पण आज तिच्या टप्प्यावर जगभर दिलं जातं ते दुसरं. आणि पैसे पूर्ण जमले तरी पाठवायचे कसे हाही प्रश्न होता. एका माणसाला वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, उपचारासाठी अंदाजपत्रक दाखवून जास्तही जातात, पण तेव्हा, २०२३ साली, ७ लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापून घ्यायचे. २ कोटी ६० लाखांवर ते होतात १२ लाख ६५ हजार. रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण आज तर लागतात. आमच्या ३ कोटी ४० लाखांत हे धरलेलेच नव्हते.

औषध मागवणं. डिन्युटुक्सिमॅब बीटा, युरोपात २०१७ पासून मान्य. केंद्रीय औषध नियंत्रकांकडं फॉर्म १२ए भरायचा, स्वतःच्या वापरासाठी आयातीचा परवाना १२बी मिळतो, आणि इथल्याच वॉर्डात देता येतं.

तिसरा, इम्युनोथेरपी सोडून द्यायची आणि नुसत्या गोळ्यांवर राहायचं. बऱ्याच घरांना हाच घ्यावा लागतो, आणि ती घरं पोरावर कमी जीव लावतात असं नाही.

वहिनींनी वॉर्डातच प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हिशोब मांडला, तो कागद माझ्या वहीत अजून चिकटवलेला आहे. एका सायकलला, म्हणजे औषधाच्या एका फेरीला, अंगाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. चिमणीच्या अंगाचं क्षेत्रफळ ०.६५ चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिग्रॅम. एक व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, २० मिलिग्रॅमची, तीन पुरत नाहीत, चार लागतात. पाच सायकल, वीस व्हायल. खाली दोन रेघा मारल्या, शाळेत फळ्यावर उत्तराखाली मारतात तशा.

चुलता मात्र ऐकेना. त्याचं म्हणणं, आपण कमी पैशात भागवायचं बघतोय, उद्या काही झालं तर आयुष्यभर वाटेल की स्पेनला नेलं असतं तर. हे रागानं नव्हतं, तोही रडत होता. वडिलांनी त्याला सांगितलं, मला पण वाटेल, पण दिवस संपल्यावर नेलं तर त्याहून जास्त वाटेल. मग पुण्यातल्या एका बालकर्करोगतज्ञांचं दुसरं मत घेतलं, त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा घर एका बाजूला आलं. ३ ऑक्टोबरला ठरलं.

लोकांना काय सांगायचं

लोकांनी पैसे दिले होते स्पेनसाठी. आता स्पेन नाही. दोन-तीन जण म्हणाले पोस्टर तसंच राहू दे, स्पेन वाचलं की लोक देतात. मी आणि वहिनी ह्याच्या पूर्ण विरोधात होतो. ५ ऑक्टोबरला नवं पत्रक काढलं, त्यात डॉक्टरांचं पत्र, नवा आकडा ५५ लाख, आत्तापर्यंत किती जमले, किती कमी आहेत, आणि ज्याला आपले पैसे परत हवेत त्यानं ट्रस्टकडं किंवा माझ्याकडं सांगावं, कारण विचारणार नाही.

१४ जणांनी परत मागितले, एकूण ४१ हजार ३००. सगळ्यांना आठवड्यात दिले. गावात कुजबुज झाली की हे स्पेनला फिरायलाच निघाले होते, आता पकडले गेले. वहिनी दोन दिवस शाळेत गेल्या नाहीत. पण त्याच पत्रकानंतर पुढच्या तीन आठवड्यांत १८ लाख आले, तेही आधीच्या कुठल्याही तीन आठवड्यांपेक्षा कमी धडपड करून. मला वाटतं ५५ लाख हा आकडा माणसाला दिसतो, आपल्या पाचशेनं तो हलेल असं वाटतं. ३ कोटी ४० लाखांपुढं पाचशे रुपये टाकताना हात थबकतो.

औषध आणताना

मागवायचा सल्ला डॉक्टरांनीच दोन हप्त्यांत दिला, आधी ८ व्हायल मग १२, कारण मध्येच आजार उलटला तर पुढची औषधं अंगावर पडतात आणि परत कुणी घेत नाही. परवान्याला आमचे तीन आठवडे गेले, एकदा अर्ज परत आला कारण प्रिस्क्रिप्शनवर व्हायलचा आकडा आणि अर्जातला आकडा वेगळा होता. अशा साध्या चुकीनं पाच दिवस गेले. कस्टम्सच्या एजंटनं सिव्हिल सर्जनचा दाखला मागितला तो घ्यायला मी स्वतः दोन फेऱ्या मारल्या. मधल्या काळात एक दलाल भेटला होता, परवाना चार दिवसांत करून देतो, ८ लाख द्या म्हणाला. वडील जवळजवळ तयार झाले होते, वेळच तशी होती. हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या बाईंनी सांगितलं की ह्याची फी एवढी नसते, थांबा.

खोकं आलं ते ९ नोव्हेंबरला. २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे असतं, आत तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र असतं. फार्मसीतल्या बाईंनी ते कॉम्प्युटरला लावलं, स्क्रीनवर रेघ आली, आम्ही तिघं काचेबाहेरून त्या रेघेकडं बघत होतो, कुठं वर गेली तर सगळं वाया. रेघ सरळ होती. वडील तिथंच खाली बसले.

१४ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, पहिलं सलाइन लागलं. ट्रान्सप्लांटनंतरचा ९६ वा दिवस. हे औषध खूप दुखवतं, कारण जीडी२ नसांवरही असतं. दहा दिवस रात्रंदिवस चालतं, सोबत मॉर्फिन. चिमणी म्हणायची पायाला मुंग्या चावतायत, अंगावर चादर सुद्धा सहन व्हायची नाही, पण आईनं तळवा घट्ट धरला की थांबायची. हलका हात नको, घट्टच.

काय झालं

पाच सायकल ७ मे २०२४ ला पूर्ण झाल्या. एकूण जमा ६४ लाख, त्यात प्लॅटफॉर्मवरून २४ लाख २० हजार, ट्रस्टकडून १५ लाख ५० हजार, वडिलांच्या खात्यातले ते पहिले ६ लाख ८० हजार, आणि घरचे साडेसतरा लाख, म्हणजे आज्जीच्या पाटल्या, वहिनींचं शिक्षक पतसंस्थेचं कर्ज आणि १२ गुंठे. खर्च औषध ३८ लाख ६०, हॉस्पिटल १३ लाख २०, राहणं-फिरणं १ लाख ९० हजार. प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला जमाखर्चाचं पान गावात चावडीवर आणि शाळेत लावत होतो, शेवटपर्यंत.

आता वेगळं काय केलं असतं

पहिलं म्हणजे पोस्टरच्या आधी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेतलं असतं, औषधाचं नाव, किती लागणार, कुठं देता येतं, कधीपर्यंत. तो कागद २० ऑगस्टला असता तर आमचे चाळीस दिवस वाचले असते आणि चुलत्याच्या मनात ते स्पेन राहिलं नसतं. ते अजून आहे, तो बोलत नाही पण आहे. डॉक्टरांची चूक मी म्हणणार नाही, त्यांच्याकडं ओपीडीत माणसामागं पाच मिनिटं असतात, पण विचारायला जाताना घरातल्या एकानं तरी लिहून घ्यायला वही न्यावी, आणि तो आईबाप सोडून दुसरा असावा.

वैयक्तिक खात्यावर एक रुपया घेतला नसता. ट्रस्ट शोधायला चार दिवस लागले असते, तेवढे चालले असते.

घरचे पैसे कितपत घालायचे ह्यावर आम्ही बोललोच नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. १२ गुंठे सप्टेंबरात घाईनं विकले, स्पेनच्या आकड्याला भिऊन. ऑक्टोबरातला आकडा तेव्हा माहीत असता तर विकायची गरजच पडली नसती, शिल्लक बघितली की कळतं.

कुजबुज झाली तेव्हा वहिनींना एकटं सोडलं ही पण चूकच. पैशांची वही मी सांभाळली, पण लोकांना उत्तरं द्यायचं काम त्यांच्यावर पडलं आणि ते दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवं होतं.

आत्ताची परिस्थिती

चिमणी शाळेत जाते. केमोतल्या एका औषधानं तिच्या कानांवर परिणाम झालाय, उंच पट्टीचे, बारीक आवाज नीट ऐकू येत नाहीत, "साप" आणि "आप" तिला सारखंच वाटतं. १ लाख ६० हजारांची दोन्ही कानांची यंत्रं त्याच पैशातून घेतली, घ्यायच्या आधी ट्रस्टच्या बैठकीत विचारून आणि चावडीवर लिहून, कारण लोकांनी पैसे कॅन्सरसाठी दिलेले आणि कान त्यात धरायचे की नाही हे घरानं एकट्यानं ठरवू नये असं वडिलांचं म्हणणं होतं. कुणीही हरकत घेतली नाही.

उरले ८ लाख ७० हजार. घरच्यांना ते जमिनीसाठी ठेवा असं ट्रस्टच्या लोकांनीच सुचवलं होतं, वडील नको म्हणाले. पैसे ट्रस्टच्या नावानं एफडीत आहेत, उपचार संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत, कारण हा आजार उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच. तोपर्यंत गरज पडली नाही तर त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या पोराच्या व्हायलसाठी जायचे, तसा ठराव लिहिलेला आहे. स्कॅन ठरल्या वेळी होतात, आत्तापर्यंत सगळी साफ. स्कॅनच्या आदल्या रात्री वडिलांचा मला फोन येतो, विषय दुसराच काहीतरी असतो, आणि आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसतो.